तेरवीचा टाईप

जाहीर सूचना. तमाम वाचकांस, त्यांच्या कुटुंबीयांस, तसेच हा अंक शेजाऱ्याकडून मागून आणून वाचणाऱ्यांस (यांची संख्या मोठी असते, हे छापखान्यातला प्रत्येक माणूस जाणतो) अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, छापील अक्षर वाचले जाण्याच्या आधी दिसते. सदर बाब पुष्कळ विद्वानांच्या अद्याप ध्यानात आलेली नाही. ज्यांच्या ध्यानात आली त्यांची दुकाने चालली. याबाबत कोणाची हरकत असल्यास त्याने ती लेखी कळवावी. आम्ही ती माफक दरात छापून देऊ.

आता सूचना संपली, टोपी काढतो आणि मांडी घालून बसतो.

पन्नास सालानंतरची काही वर्षे मी वर्ध्याच्या एका छापखान्यात जुळारी होतो. जुळारी म्हणजे शिशाचे सुटे खिळे एकेक उचलून ओळ जुळवणारा. प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर एक उलटे अक्षर. हे खिळे लाकडी खणांच्या पेटीत ठेवलेले असत. तिला आम्ही केस म्हणायचो. एका केसमध्ये एकाच वळणाची, एकाच मापाची अक्षरे. वळण बदलायचे तर केस बदलायची. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठली केस काढायची हे ठरवणे ही आमच्या धंद्यातली खरी विद्या. बाकी सगळी हमाली, आणि संध्याकाळी नखांतली शाई काढणे.

आमचे मालक नानाजी. काळी टोपी, कानात अत्तराचा फाया, आणि गिऱ्हाईक दारात शिरताच त्याच्या चपलांवरून टाईप ठरवायची सवय. "हा जाडा घेईल," ते मला हळूच सांगत. पुष्कळदा बरोबर निघे.

सरकी-ढेपेचे एक व्यापारी होते, समुद्रपूरचे. हॅन्डबिल छापायला आले. मी एक मध्यम, सुरेख टाईप दाखवला. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला.

"हे अक्षर उपाशी दिसते जी," ते म्हणाले. "लोक म्हणन, याच्याच घरी खाले नाई, हा आपल्या म्हशीले काय चारन?"

मी मुकाट्याने कुस्त्यांच्या दंगलीसाठी ठेवलेली लाकडी अक्षरे काढली. एकेक अक्षर पहिलवानासारखे शड्डू ठोकून उभे. शेटजींचे नाव एका ओळीत मावेना; आडनाव खाली उतरवावे लागले. ते खूश होऊन गेले. त्या वर्षी त्यांची ढेप खूप खपली असे त्यांनीच सांगितले. म्हशींचे मत मला कळले नाही.

दुसरे एक हेडमास्तर होते. त्यांच्या कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ आमच्याकडे होते. नाव चार शब्दांचे आणि त्यांना प्रत्येक शब्द वेगळ्या टाइपात हवा होता, कारण प्रत्येक शब्दाचा रस वेगळा. मी वाद घातला नाही. तसेच जुळवून कच्चा छाप काढून दिला. एका खाटेवर चार सोयरे निजलेत आणि पांघरूण कोणालाच पुरत नाही, असे ते मुखपृष्ठ दिसत होते. मास्तरांनी चष्मा पुसून ते पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "वसंतराव, एकच रस ठेवू. शांत."

असे हे आमचे राज्य. त्यात एक केस मात्र वेगळी होती. ती खालच्या खणात, खिडकीपासून दूर असायची, आणि तिचे नाव होते तेरवीचा टाईप.

खरे तर तो आमच्याकडचा सगळ्यात देखणा टाईप. सडपातळ, ताठ, मात्रा अशी उभी की वाऱ्याने हलेल. नानाजींनी तो वकील लोकांच्या कार्डांसाठी हौसेने आणला होता. पण वर्ध्याच्या वकिलांनाही जाड अक्षरच आवडे, म्हणून तो पडून राहिला. मग, मी लागायच्या आधीच, देवळीकडचे एक बडे मालगुजार, गावचे जमीनदार, वारले. मुलांनी सांगितले, तेराव्याच्या, आमच्या भाषेत तेरवीच्या, पत्रिकेत काही भपका नको, लाल नको, वेलबुट्टी नको. नानाजींनी ही केस काढली. पत्रिका इतकी सुंदर झाली की त्यानंतर देवळीत ज्याच्या घरी कोणी जाईल तो यायचा आणि म्हणायचा, "मालगुजाराची केली तशीच करा." गरीब असो, श्रीमंत असो, शेवटच्या पत्रिकेला तरी मालगुजाराची बरोबरी हवी. दहाएक वर्षांत असे झाले की देवळीत ते अक्षर ओट्यावरून दिसले तरी माणूस उभा राही. वाचता येणारा उभा राही आणि न येणाराही. न येणारा आधी.

आमच्याकडे मरणाचा कागद घरात नेत नाहीत, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. तो उंबऱ्याबाहेर वाचायचा, तिथेच फाडून टाकायचा आणि हातपाय धुऊन आत जायचे.

आणि अशा या गावासाठी इंदुताई आमच्या छापखान्यात आल्या.

इंदुताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मूळच्या सातारकडच्या, तिशीच्या, कमरेत पदर खोचून चालणाऱ्या. खुर्ची दिली तर बसत नसत, टेबलाला टेकून उभ्या राहत. देवळीकडून अडलेल्या बाया बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालून वर्ध्याला यायच्या, आणि पुष्कळदा उशिरा यायच्या. ते बघून बघून ताईंनी पक्की नोकरी सोडली आणि देवळीत भाड्याच्या घरात चार खाटांचे प्रसूतिगृह काढायचे ठरवले. सातारच्या भावाला हे पसंत नव्हते. त्याने दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर खाटा भरल्या नाहीत तर त्याने येऊन बहिणीला घरी न्यायचे, आणि तिने मुकाट्याने जायचे, असे त्या दोघांत ठरले होते. हे त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी, हवापाण्यावर बोलावे तसे सांगितले.

"म्हणून हॅन्डबिल चांगलं व्हायला हवं," त्या म्हणाल्या. "दाखवा टाईप."

मी एकेक नमुना दाखवत गेलो. लग्नाचा गुबगुबीत, शाळेचा सरळ, औषधाच्या बाटलीवरचा चौकोनी. त्या मान हलवत गेल्या. मग स्वतःच वाकल्या, खालचा खण ओढला आणि त्यातला एक खिळा उजेडात धरला.

"हा लपवून का ठेवलाय? हाच."

नानाजींच्या कानातला फाया पडायचा बाकी होता.

आता गंमत पहा. सांगणे अगदी सोपे होते. पण शुभकार्याचा पहिला कागद छापायला आलेल्या बाईसमोर, आणि तोही बाळंतपणाचा, मरणाचे नाव काढायचे कसे? आमच्याकडे बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणतात. नानाजींनी घसा साफ केला.

"ताई, हा टाईप जरा थंड आहे."

"थंड म्हणजे?"

"म्हणजे… आम्ही तो मोठ्या लोकांसाठी वापरतो."

"पैशाने मोठ्या?"

"वयाने."

"मग माझ्याकडे येणारे सगळे वयाने लहानच असणार," ताई हसून म्हणाल्या. "त्यांनाही मिळू दे. आजच जुळवा."

नानाजींनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. छतावर काही लिहिलेले नव्हते. हॅन्डबिल त्याच टाइपात झाले, आणि शपथेवर सांगतो, त्याहून सुंदर हॅन्डबिल त्या छापखान्यातून कधी गेले नाही.

वाटायला ताईंबरोबर मी गेलो. नानाजींनीच पाठवले, म्हणाले, "काही झालं तर बाई एकटी नको."

पहिल्या घरी ओट्यावर एक म्हातारी तूर निवडत होती. ताईंनी कागद पुढे केला. म्हातारीने तो लांबूनच पाहिला, सूप बाजूला ठेवले आणि उठली.

"कोन गेलं व बाई?"

"कोणी गेलं नाही आजी. यायचेत," ताई म्हणाल्या.

म्हातारीला ते काही कळले नाही. तिने कागद दोन बोटांत धरला, टराटरा फाडला आणि पाणी घ्यायला परसात गेली. दुसऱ्या घरी नवरा-बायको दोघे बाहेर आले, त्यांनीही फाडला आणि वर आम्हालाच धीर दिला, "होते जी असं. कोनाच्या हाती हाये?" तिसऱ्या गल्लीत एका बाईने कागद हातात घ्यायच्या आधीच गळा काढला. तिचा भाऊ समुद्रपूरला आजारी होता. तिला गप्प करायला आम्हाला बराच वेळ लागला, आणि खरी गोष्ट कळल्यावर तिने आम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या कुठल्याही टाइपात बसणाऱ्या नाहीत.

बाजाराच्या चौकात येईपर्यंत गावभर सडपातळ अक्षरांचे तुकडे उडत होते. ताईंनी उरलेला गठ्ठा काखेत मारला आणि परतीच्या मोटारीत बसल्या.

छापखान्यात येऊन टेबलाला टेकल्या आणि म्हणाल्या, "आता सांगा."

नानाजींनी सांगितले. मालगुजार, तेरवी, उंबरा, सगळे. मग घाईघाईने म्हणाले, "ताई, चूक आमची. मी लाल शाईत, लग्नाच्या टाइपात दुसरं छापून देतो. उद्याच. फुकट."

ताईंचे लक्ष नव्हते. त्या गठ्ठ्यातला एक कागद लांब धरून बघत होत्या.

"म्हणजे देवळीत हे अक्षर सगळे ओळखतात?"

"सगळे."

"वाचता न येणाऱ्या बायकासुद्धा?"

"त्या तर आधी."

"लांबून?"

"ओट्यावरून, ताई. तुम्ही पाहिलंच."

"मग दुसरं कशाला हवं?" ताई म्हणाल्या. "लग्नाच्या टाइपात लग्न आहे, दुकान आहे, नाटक आहे. त्या गर्दीत मला कोण ओळखणार? हे एकच अक्षर असं आहे की गाव थांबून बघतं. हे मी सोडणार नाही. बातमी बदलू."

नानाजी खाली बसले. "बाई, असं नाही करता येत. लोकांच्या मनात बसलेलं आहे."

"बसलंय ना? मग उठवू."

असे गिऱ्हाईक मी पुढे कधी पाहिले नाही. ताईंनी दोन कामे सांगितली. एक, प्रसूतिगृहावर पाटी, ह्याच वळणात, हातभर उंचीची. पाट्याही मीच रंगवायचो. दुसरे, त्यांच्याकडे जन्मलेल्या प्रत्येक बाळाची छोटी पत्रिका, ह्याच टाइपात, पण हळदीसारख्या पिवळ्या कागदावर. आईबापांनी ती दारावर चिकटवायची. बाळ अजून एकही नव्हते. नानाजींनी हे नम्रपणे दाखवून दिले. ताई म्हणाल्या, "कागद तर आणून ठेवा."

ज्येष्ठातल्या एका दुपारी मी देवळीत शिडीवर चढून पाटी रंगवत होतो. 'प्रसूति' झाले होते, 'गृह' व्हायचे होते. रस्त्याने येणारे लोक पाटीकडे बघून पलीकडच्या कडेने जात होते. एवढ्यात एक बंडी आली. गणपत नावाचा शेतकरी हाकत होता, मागे त्याची आई ठमाबाई आणि पांघरुणाखाली अडलेली सून. दाईने हात टेकले होते, म्हणून वर्ध्याला निघाले होते. गणपतने आमच्या दारापुढे बैल आवरले.

"हाक रे," ठमाबाई म्हणाली. "इथं नको थांबू. वर तो काय लिवून राह्यला, दिसत नाई तुले?"

गणपतने वर पाहिले. मी ब्रश मागे लपवला. कशाला लपवला ते अजून मला कळलेले नाही.

ताई बाहेर आल्या, बंडीत वाकून पोरीची नाडी बघितली आणि सरळ पुढे जाऊन बैलांचा कासरा धरला.

"आजी, वर्धा लांब आहे. हिच्याजवळ तेवढा वेळ नाही."

"अभद्र नको बोलू व बाई."

"मी अभद्र बोलेन, पण सुनेला सोडणार नाही. गणपत, खाली उतर."

"मा," गणपत रडवेल्या आवाजात म्हणाला, "बाई सांगून राह्यली ना."

"त्या पाटीखालून मी सुनेले नेत नाई," ठमाबाई म्हणाली. "लिवणाऱ्याले सांग, पुसून टाक म्हना."

शिडीवरून मी ताईंकडे पाहिले. फडके माझ्या खांद्यावरच होते, रंग ओला होता. त्या 'पुसा' म्हणाल्या असत्या तर मी पुसले असते आणि कोणी नावे ठेवली नसती.

"मागून दार आहे," ताई म्हणाल्या. "तिकडून आणा. पाटी हलणार नाही."

मागच्या दाराने नेली. मी शिडीवरच बसून राहिलो. खाली गणपत बैलांच्या माना खाजवत होता आणि मला विचारत होता, "भाऊ, नर्सबाईले येते ना सारं?" मी हो म्हणत होतो. ठमाबाई ओट्यावर पाटीकडे पाठ करून बसली होती. आतून आधी पोरीचा आवाज येत होता, मग तो येईनासा झाला. ठमाबाईने मान फिरवून पाटीकडे एकदा असे पाहिले की माझा हात आपोआप फडक्याकडे गेला.

मग आत एक बारीक, चिरका, अतिशय संतापलेला आवाज उठला.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी शिडीवरून उतरलो आणि उगीचच बैलांना गूळ दिला.

पिवळी पत्रिका मी वर्ध्याला जाऊन जुळवली आणि नेऊन दिली. ठमाबाईने हात मागे घेतले. "काऊन? लेकरू जितं हाये ना माह्या घरचं." पण गणपत आनंदाने अर्धा वेडा झालेला होता. त्याने खळ केली आणि पत्रिका स्वतःच दारावर चिकटवली.

आणि मग जे झाले ते कुठल्याही नाटक कंपनीला जमले नसते. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली ठमाबाईच्या दारात सांत्वनाला हजर. पुरुषांच्या खांद्यावर दुपट्टे, बायकांच्या तोंडाला पदर.

"कोन गेलं व ठमाबाई?"

"कोनी नाई गेलं. नात आली."

"मंग अक्षर काऊन तसं?"

"नर्सबाईचं हाये. घे, साखर घे."

रडायला आलेली माणसे तोंडात साखर घालून परत जात होती आणि वाटेत भेटणाऱ्याला सांगत होती. पहिल्या दहा जणांना उत्तर देताना ठमाबाई वैतागली. पुढे पुढे तिला चव लागली. मी निघालो तेव्हा ती दारातच उभी होती, कोणी आले नाही तर बोलावून आणायच्या बेतात. कोणी तरी शेजारीण म्हणाली, "पन अशी रडकी चिठ्ठी कायले लावली?" तर ठमाबाई उसळली, "रडकी तू. कागद पिवळा हाये, दिसत नाई?"

हजार हॅन्डबिलांनी जे केले नाही ते त्या एका दाराने केले. आधी शेजारणीची सून आली, मागच्या दाराने. मग तिची मावसबहीण. पावसाळा संपता संपता एक बाई पुढच्या दाराने आली; ताईंनी मला मुद्दाम निरोप पाठवून कळवले. दिवाळीला सातारचा भाऊ बहिणीला न्यायला आला, तेव्हा चारही खाटा भरलेल्या होत्या आणि त्याचे अंथरूण ओसरीवर घालावे लागले. सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी म्हणाला, "इंदू, इथं माणसाला झोप नाही." ताई म्हणाल्या, "म्हणून तर म्हणते, तू घरी जा." तो चहा घेऊन गेला.

छापखान्यात काही काळ मात्र मोठे विचित्र दिवस आले. एकाच केसमधून सकाळी तेरवीची पत्रिका निघे आणि दुपारी पिवळी. एखाद्या म्हाताऱ्याच्या नावातला 'र' सोडवून मी खणात टाकायचो आणि तासाभराने तोच 'र' एखाद्या बाळाच्या बापाच्या नावात बसायचा. मला त्यात मौज वाटे. नानाजींना वाटत नसे. "ती बाई माझी केस पळवून नेते आहे, वसंता," ते म्हणायचे, "आणि तू तिला उचलून देतोस." त्यांचे खोटे नव्हते. पुढे तो टाईप झिजला आणि नानाजींच्या मागे त्यांच्या मुलाने तो वितळवायला दिला, तेव्हा मी गावाला गेलेलो होतो. एखादा खिळा मागून ठेवायला हवा होता. राहून गेले.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगून उठतो. दोन-तीन वर्षे गेली होती. देवळीचा एक तरुण शेतकरी आला. डोके भादरलेले, अंगात पांढरे. त्याचा म्हातारा वारला होता. नानाजींचा चेहरा दुःखाने आणि थोड्याशा आशेने उजळला; त्या टाइपात बऱ्याच दिवसांत तेरवी आली नव्हती. त्यांनी मला खूण केली. मी खालचा खण ओढला, मजकूर जुळवला, पांढऱ्याशुभ्र कागदावर, काळ्या शाईत कच्चा छाप काढला. नानाजींनी तो दोन्ही हातांनी, देवाचा अंगारा द्यावा तसा पुढे केला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "मालगुजाराची केली होती, अगदी तशीच."

त्या पोराने कागद घेतला, लांब धरला, एक शब्द न वाचता टेबलावर परत ठेवला आणि भर छापखान्यात म्हणाला:

"नानाजी, माहा बाप मेला जी, बाळंत नाई झाला."